तीस दिवसांचं ऑफिस

लेक शिकायला पुण्याला गेली त्या वर्षी मला घरात एका जागी बसवेना. दहाच्या सुमाराला नवरा कॉलेजात शिकवायला निघून जायचा. मी लॅपटॉप उघडायची, दोन पानं वाचायची आणि उठायची. तहान नसताना पाणी प्यायची. गच्चीवर जाऊन कपडे चाचपून यायची, अजून ओलेच असणार हे ठाऊक असूनही. कारंज्यातलं आमचं घर रस्त्यालगत आहे, बाजार समितीकडे जाणाऱ्या गाड्यांनी खिडकीची तावदानं दिवसभर हलतात. आवाजाला तोटा नव्हता. बोलायला कुणी नव्हतं, एवढंच.

माझं काम मुद्रितशोधनाचं. पुण्यातली एक लहान कंपनी जुनी मराठी पुस्तकं स्कॅन करून त्यांचा मजकूर संगणकावर उतरवते. यंत्र अक्षरं ओळखतं, पण ‘घ’ आणि ‘ध’मध्ये, ‘भ’ आणि ‘म’मध्ये फसतं, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर त्याला काहीच सोयरसुतक नाही. ते सगळं निस्तरायला आम्ही सात जण होतो, सात गावांत, आपापल्या घरी. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. बोलताना आम्ही गावाचंच नाव घ्यायचो. कोल्हापूर म्हणाला, नाशिककडे पानं अडकलीत, असं. मी कारंजा होते. सगळ्यांत जुनी आणि वयानंही मोठी, म्हणून बाकीच्यांची पानं शेवटी माझ्या नजरेखालून जायची.

आमच्यातली एक माझ्याच जिल्ह्यातली होती, हे मला पहिले तीन महिने माहीत नव्हतं; ती नवी होती, तिचं गाव कुणी विचारलं नव्हतं आणि सगळे तिला नुसतं ‘नव्या मॅडम’ म्हणायचे. एका जुन्या पाककृतींच्या पुस्तकाची पानं चालली होती. एका पानाच्या कडेला तिनं शंका लिहून ठेवलेली: ‘कोथिंबीर म्हणजे आपला सांबारच ना? तळटीप द्यावी का?’ त्या ‘आपला’वर माझं बोट थांबलं. कोथिंबिरीला सांबार म्हणणारं माणूस आमच्याच मुलखातलं. मी लगेच फोन लावला आणि शुद्ध मराठी बाजूला ठेवून विचारलं, “काहो, तुमी कुठल्या?”

पलीकडून आधी हसूच आलं. “शेलूबाजारपासून पाच किलोमीटर आत. तुमी?”

तेव्हापासून ती मला ताई म्हणायला लागली आणि मी तिला अगं-तुगं. ती बत्तीस-तेहतीसची. सासरी भाज्यांचा मळा. बी.ए. मराठी केलं होतं मंगरूळपीरला, रोज बसनं जाऊन-येऊन. तिच्या पानांत मला चूक सापडायची ती चार-पाच दिवसांतून एखादी. दुपारी अडीचच्या आसपास, जेवणानंतर, ती फोन करायची. शब्दांबद्दल बोलायचो, सासवांबद्दल बोलायचो, वांग्यावरच्या किडीबद्दलही. सगळ्यांची बैठक असली की दोघी अगदी पुस्तकी बोलायचो आणि बैठक संपली की त्याच बोलण्याची नक्कल करून हसायचो. फोन ठेवल्यावर तासभर तरी मी एका जागी बसू शकायची.

जानेवारीत आमच्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. ते म्हणाले, “एक गंमत करून बघायची आहे. सगळ्यांना एका छपराखाली आणायचंय.”

मला वाटलं, पुण्याला बोलावतात की काय. पण ते छप्पर पडद्यावरचं होतं. तीस दिवस फुकट वापरून बघायचं एक आभासी ऑफिस. सरांनी दुवा पाठवला. उघडलं तर घराच्या नकाशासारखा नकाशा. सात टेबलं, एक बैठकीची खोली, एक चहाची खोली, कोपऱ्यात कुंडीतलं झाड. प्रत्येकाचा फोटो एका गोल चकतीत. ती चकती बोटानं ओढली की माणूस चालायला लागायचं. कुणाच्या टेबलाजवळ नेली की त्याचा आवाज ऐकू यायचा, लांब नेली की विरत जायचा. थेट जायचं नसेल तर दार वाजवायची सोय होती. बटण दाबलं की पलीकडे टकटक असा हुबेहूब लाकडी आवाज. माणूस कामावर असेल तर चकतीभोवती हिरवी कड. दहा मिनिटं हालचाल नसेल तर ती पिवळी व्हायची, आणि ऑफिस बंद केलं तर चकती करडी.

“ही ट्रायल तुम्ही चालवा,” सर म्हणाले. “दर शनिवारी मला चार ओळी लिहा. महिन्याच्या शेवटी सांगा, घ्यायचं की नाही.”

“मीच का?”

“तुमचं सगळे ऐकतात.”

मी हो म्हणाले. खरं तर मला ते पाहता क्षणीच आवडलं होतं. हे आज लिहिताना जरा लाज वाटते, पण आवडलं होतं.

पहिल्या सोमवारी साडेनऊला मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले, म्हणजे माझी चकती नेऊन ठेवली. एकेक जण यायला लागला. नाशिक आली, तिच्यामागे कुकरची शिट्टी आली. नांदेडचे गृहस्थ सगळ्या खोल्यांतून फिरून आले आणि म्हणाले, “पंखा कुठाय?” सगळे हसले. सात जण एकत्र हसलेले मी पहिल्यांदा ऐकले. कोल्हापूरचा तरुण, एकटा भाड्याच्या खोलीत राहणारा, दिवसभर चहाच्या खोलीतच बसून राहिला. संध्याकाळी तो म्हणाला, “मॅडम, आज मी खोकलो तर कुणीतरी विचारलं.” त्या दिवशी मी गच्चीवर गेलेच नाही. नवरा घरी आला तेव्हा सकाळचे कपडे तसेच दोरीवर होते.

शेलूबाजारची ती मात्र पहिल्या दिवशी दहा मिनिटं आली, सगळ्यांना नमस्कार केला आणि करडी झाली. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी तिनं अडीचला फोन केला.

“ताई, ते ऑफिस लावलं का माहा लॅपटॉप तापते. पान हलतच नाई.”

मी तेव्हा पडद्याकडे बघत होते. नाशिक आणि नांदेड चहाच्या खोलीत शिरले होते आणि काय बोलतात ते मला ऐकायचं होतं. “अगं, टेरायल हाय,” मी म्हणाले. “महिनाभराचा तर प्रश्न. थोडं सहन कर न.”

“बरं,” ती म्हणाली.

मी घाईनं फोन ठेवला आणि चहाच्या खोलीत गेले. तिथं दातदुखीवर बोलणं चाललं होतं.

दुसरा आठवडा लागला आणि माझी अस्वस्थता परत आली. ती गेलीच नव्हती बहुधा, पायांतून डोळ्यांत आली होती एवढंच. आता मी खुर्चीवरून उठत नव्हते, पण पानावरही नव्हते. नजर सारखी नकाशावर. कोण पिवळं झालं? कोण कुणाच्या टेबलाशी गेलं? माझ्या टेबलाशी का नाही आलं? कोल्हापूरचा जेवायला गेला तर पाऊण तास का लागला? एका ओळीवर मी चारदा यायची आणि चारही वेळा अर्ध्यातून नकाशाकडे जायची. माझं स्वतःचं काम निम्म्यावर आलं. ते भरून काढायला मी सकाळी सहाला उठून बसायला लागले, ऑफिस बंद ठेवून. यातली विसंगती मला तेव्हा दिसली नाही.

आणि दिवसातून दोन-तीनदा मी शेलूबाजारचं दार वाजवायची. तिची चकती हिरवी दिसली रे दिसली की टकटक. काम असायचं असं नाही. बरेचदा नुसतं ‘ये न चहाले’ म्हणायचं असायचं. कधी ती लगेच करडी व्हायची. कधी बारीक आवाजात म्हणायची, “ताई, पान संपवतो न येतो,” आणि यायची नाही. अडीचचे फोन बंद झाले होते. मला वाटलं, आता ऑफिस आहे तर फोन कशाला. पण ती ऑफिसातही नव्हती. मग मला राग यायला लागला. सहा जण येतात, हिलाच काय झालं? मी एवढं चालवून राहिले आणि माझ्याच जिल्ह्यातलं माणूस साथ देत नाही.

नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “तिची पानं येतात ना वेळेवर?”

“येतात.”

“मग?”

“मग काय मग? ट्रायल आहे. सगळ्यांनी यायला नको?”

त्यानं वर्तमानपत्र उघडलं. मी उगाचच स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसून आले.

तिसऱ्या शनिवारी सरांचा फोन आला. त्या ऑफिसात आपोआप हजेरी होत होती, कोण किती वेळ हिरवं होतं त्याची यादी. पहिल्या दिवशी सर म्हणाले होते, ती यादी नुसती असू द्या, आपण काही शाळा चालवत नाही. आता म्हणाले, “ती यादी पाठवता का जरा? बघू तरी.”

मी पाठवली. बोट एकदा थांबलं, ते खरं. पण पाठवली.

पाच मिनिटांत परत फोन. “या शेलूबाजारच्या बाई दिवसाला अर्धा तासच दिसतात. काय करतात त्या?”

इथं मला एक वाक्य बोलायचं होतं. सर, आपल्याकडे सगळ्यांत स्वच्छ पानं तिचीच असतात. एवढं वाक्य. मला ते तेव्हाही माहीत होतं, पाठ होतं. पण दोन आठवड्यांचा राग मनात साचला होता, आणि मी ज्या ऑफिसची व्यवस्था बघत होते तिथं एक खुर्ची रिकामी होती, ते मलाच लागलं होतं. मी म्हणाले, “मी बघते, सर.”

“बघा,” ते म्हणाले. “पुढं कित्येक खंडांचा एक मोठा संच येतोय, त्याला हाकेला ओ देणारी माणसं लागतील.”

रविवार कसाबसा काढला. सोमवारी नवऱ्याला म्हणाले, शेलूबाजारला जाऊन येते. तो म्हणाला, फोन करून जा. मी म्हणाले, अचानक गेलं की तिला मजा वाटेल. बसमध्ये बसल्यावरही मी स्वतःला तेच सांगत होते. पिशवीत तिच्यासाठी एक जुना शब्दकोश घेतला होता, माझ्याकडे दोन होते त्यातला. थंडी सरत आलेली, दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेल्या शेतांत नुसत्या पराट्या उभ्या. खिडकी उघडली तर वारं लागायचं, लावली तर कोंडल्यासारखं व्हायचं. मी ती पाच-सहा वेळा उघडली आणि लावली. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं शेवटी विचारलं, “बाई, तब्बेत बरी नाई काय?”

शेलूबाजारला उतरून गावाकडे जाणारी जीप धरली. गावात तिचं घर सापडलं, पण दाराला कडी. शेजारीण धान्य पाखडत होती. ती म्हणाली, “मळ्यात हाय ना ते. या वक्ताले घरी कुठं राह्यते?”

तर ही घरी नसते, मी मनात म्हटलं. मळ्यात असते. म्हणजे काम करून ठेवते कधीतरी आणि दिवसभर शेती बघते. मला तेव्हा जे वाटलं त्याला आनंद म्हणता येणार नाही, पण आपलं म्हणणं बरोबर निघाल्यावर जो एक कोरडा आराम पडतो, तो पडला. त्या आरामातच मी शेतांमधल्या पांदणीनं चालत गेले.

मळा थोडा उंचवट्यावर होता. एका बाजूला वांगी, मधे मेथी आणि सांबाराचे वाफे, पलीकडे विहीर. तिची सासू वाफ्यात बसून मेथी उपटत होती आणि जुड्या बांधत होती. विहिरीजवळ मोटरीची लहान खोली. त्या खोलीच्या सावलीत भाज्यांचे प्लास्टिकचे दोन कॅरेट एकावर एक ठेवलेले, त्यांवर लॅपटॉप, आणि समोर तिसऱ्या कॅरेटवर ती बसलेली. पडद्यावर दोन पानं शेजारी शेजारी उघडी, एक जुनं आणि एक नवं. ती ओठ हलवत वाचत होती, एकेक अक्षर. मी दहा-बारा पावलांवर येऊन उभी राहिले तरी तिला कळलं नाही. सासूनं मला पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, “थांबा. पान सुरू हाय तिचं.”

मी थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. पान संपलं तेव्हा तिनं मान वर केली.

“ताई!” ती उठलीच एकदम. कॅरेट मागं कलंडलं. “तुमी? एवढ्या लांब? सांगतलं नाई बापा!” तिनं माझा हात धरला, सासूला हाक मारली, “आई, ह्या कारंज्याच्या ताई,” म्हणाली. कळशीतलं पाणी दिलं आणि परत हात धरला. पाणी पिताना माझी नजर तिच्या लॅपटॉपवर गेली. नकाशा उघडा नव्हता. माझी नजर कुठं गेली ते तिनं पाहिलं.

तिचा चेहरा बदलला नाही. हात मात्र तिनं सोडला.

“ताई, तुमी भेटाले आल्या का पाह्यले आल्या?”

मी पिशवीतला शब्दकोश काढला आणि म्हणाले, “हा आणला तुझ्यासाठी.”

तिनं तो घेतला, पदरानं पुसला आणि कॅरेटवर ठेवला. मग शांतपणे सांगायला लागली. घरी रेंज येत नाही, घर उतारावर आहे. दिवसा गावठाणात विजेची लाइनही नसते. मळ्यात रेंज येते, आणि मोटरीची लाइन दिवसा असली की लॅपटॉपही इथंच चार्ज होतो. म्हणून ती सकाळी पानं उतरवून घेते, नेट बंद करते, दिवसभर वाचते आणि संध्याकाळी चढवते. लॅपटॉप जुना आहे, तिच्या दिरानं वापरून दिलेला. ऑफिस उघडलं की तो दुसरं काही करत नाही.

“मग मले सांगतलं काहून नाई?” मी म्हणाले.

“सांगतलं व्हतं ना. तिसऱ्या दिवशी. तुमी म्हणल्या, सहन कर.”

मला ते आठवलं. दातदुखीसुद्धा आठवली.

“सहन केलं मंग,” ती म्हणाली. “रोज अर्धा घंटा लावत जाऊ, तेवढंच तुमाले बरं वाटंल म्हून. पण ताई, ते टकटक वाजलं का माही छाती धडधडते. वाटते, कोणी दारात उभं हाय न मी काहीतरी चोरून करून राह्यली. पान सुटते. मंगळवारी एका पानात तीन चुका राह्यल्या. तीन! मीच मंग बुधवारी सापडवल्या.” ती थांबली. “दरवेळी तुमीच राहत व्हत्या दारात.”

“मी तर चहाले बलावत व्हती,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लहान वाटला.

“मले काय माहीत? टकटक तर एकच वाजते.”

सासू वाफ्यातून उठून आली. तिला आमच्यातलं किती कळलं कोण जाणे. ती म्हणाली, “बाई, इचं काम लई बारीक हाय. मी बी बोलत नाई तिच्यासंगं, पान होयेपर्यंत.” आणि एक मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकली.

जेवायला थांबा म्हणाल्या दोघी. मी थांबले नाही, बसचं निमित्त सांगितलं. खरं तर पुढची बस दीड तासानं होती. तो दीड तास मी शेलूबाजारच्या फाट्यावर येरझाऱ्या घालत काढला. ट्रक जात होते, जीपवाले मंगरूळ मंगरूळ म्हणून ओरडत होते. मी एका हॉटेलात चहा मागितला आणि तो यायच्या आत बाहेर आले. ती यादी पाठवायला मला एक बटण लागलं होतं. ती परत घ्यायला कुठलं बटण, हे मला सुचत नव्हतं.

घरी आल्याआल्या, पाय धुवायच्या आधी, सरांना फोन लावला. मळा, लाइन, रेंज, जुना लॅपटॉप, सगळं एका दमात सांगितलं. मग ते वाक्य बोलले, जे दोन दिवस आधी बोलायचं होतं. त्यावर ते म्हणाले, “अहो, मग हे त्यांनी आधी सांगायचं ना.”

“सांगितलं होतं,” मी म्हणाले. “मला.”

ते म्हणाले, “इतकं मनाला लावून घेऊ नका. ट्रायलच आहे.”

शेवटच्या आठवड्यात मी कुणाचंही दार वाजवलं नाही. ते सोपं गेलं नाही. हात बटणाकडे जायचा आणि मी तो मांडीखाली दाबून बसायची. महिना संपल्यावर अहवाल लिहिला, चार ओळींचा नाही, तीन पानांचा. त्यात कोल्हापूरच्या तरुणाचं लिहिलं, की त्याला या ऑफिसनं माणसात आणलं, ते खोटं नाही. नाशिकचं लिहिलं, की तिच्या घरच्यांना पहिल्यांदा कळलं ती नोकरी करते, कारण आता तिच्या खोलीतून माणसांचे आवाज येतात. आणि माझं लिहिलं. मी महिनाभर माणसांच्या चकत्या बघत बसले, माझ्या पानांत नेहमीच्या तिप्पट चुका राहिल्या, आणि ज्या यादीवरून एका चांगल्या वाचकाबद्दल शंका घेतली गेली ती यादी मी पाठवली. शेवटी लिहिलं की घेऊ नये, आणि घ्यायचंच तर हजेरी काढून टाकून, ज्याला हवं त्यानं यावं असं घ्यावं.

सरांनी तसं घेतलं. ज्याला हवं त्याच्यापुरतं. उन्हाळ्यापर्यंत तिथं कोल्हापूर आणि नाशिक हे दोघंच बसत. मी मधूनमधून डोकावायची आणि पाच मिनिटांत बाहेर पडायची.

पण तो मोठा संच वाटला गेला तेव्हा शेलूबाजारच्या वाट्याला एकही खंड आला नाही. मी सरांशी भांडले. मी आवाज चढवून भांडणारी बाई नाही, पण त्या दिवशी चढला. म्हणाले, सहा महिन्यांची सगळ्यांची पानं काढा आणि चुका मोजा, मग ठरवा. त्यांनी खरंच मोजल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पंधरा दिवसांनी तिला दोन खंड मिळाले. मी तिला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, ताई.” मग कामाची दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवला. वांग्याचं विचारलं तर म्हणाली, ठीक हाय. अडीचचा फोन परत कधी आला नाही. मी लावायची, ती उचलायची, नीट बोलायची. मीच मग हळूहळू कमी केलं.

दिवाळीच्या आधी तिचा फोन आला, सकाळी. नागपूरच्या एका प्रकाशकाकडे तिला थेट काम मिळालं होतं. कागदावरचं मुद्रितशोधन, पार्सलनं येणारं आणि पार्सलनं जाणारं. ती आमचं काम सोडत होती.

मला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं. “माह्यामुळं का?”

तिच्या मागं मोटरीचा आवाज होता. मग म्हणाली, “तुमच्यामुळं नाई, ताई. पण तुमच्यामुळं थांबली बी नाई.”

तिनं ते रागानं म्हटलं नाही. असती रागावली तर बरं झालं असतं, असं मला त्या दिवशी बराच वेळ वाटत राहिलं.

थंडीत ती एकदा कारंज्याला आली. सासूचे डोळे दाखवायचे होते, ते दाखवून दोघी घरी आल्या. मी धावपळच केली. पोहे, चहा, खुर्च्या पुसणं, नवऱ्याला हाक मारणं. सासू ऐसपैस बसली, डोळ्यांत औषध घातलेलं म्हणून डोळे मिटून, आणि तशीच गप्पा मारत राहिली. ती मात्र खुर्चीच्या कडेवर बसली होती. नागपूरहून आलेल्या पानांचं पाकीट पिशवीत होतं आणि पिशवी मांडीवर. मी म्हटलं, “ठेव न खाली, कोणी नाई नेत.” ती हसली, पण ठेवली नाही. एका जुन्या शब्दाबद्दल तिला शंका होती, ती तिनं विचारली. मला उत्तर येत नव्हतं. मी तसं सांगितलं. “मंग आपण दोघी बी शोधू,” ती म्हणाली, आणि घड्याळ पाहून उठली.

मी बसस्टँडपर्यंत गेले. गर्दीत सासूचा हात एका बाजूनं तिनं धरला होता, दुसऱ्या बाजूनं मी. बस लागली तेव्हा दोघींना जागा मिळाली. खिडकीतून तिनं हात हलवला. बस निघून गेल्यावरही मी फलाटावर थोडा वेळ उभी होते. नंतर सरळ घरी यायचं सोडून बाजारातून मोठा वळसा घालून आले, वाटेत काहीही घेतलं नाही.